शेवटचा भाग ऐकून संपवला तर तो 'वाचला' म्हणायचा का?

पत्र:

ताई, नमस्कार. प्रश्न वाचून हसाल, पण मला खरंच त्रास होतोय. 'द व्हील ऑफ टाइम' ही चौदा भागांची फँटसी मालिका मी कॉलेजात असताना दादाच्या कपाटातून पळवून सुरू केली. तेरा भाग कागदावर वाचले, मध्ये नोकरी, लग्न, बाळ, कधीकधी दोन-दोन वर्षांच्या गॅप. आता राहिलाय फक्त शेवटचा, 'अ मेमरी ऑफ लाइट'. नऊशेच्या वर पानं, बारीक टाइप, आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसून रात्री माझे डोळे अक्षरशः मिटतात. म्हणून ऑडिओबुक घेतलं. ते निघालं बेचाळीस तासांचं! तीन आठवड्यांत सहा तास झालेत आणि त्यातले दोन मी झोपेत ऐकलेत. जागी असते तेव्हाही मन भलतीकडे जातं, मग कोण कुठल्या सैन्यात आहे कळत नाही, मागे जाते, परत हरवते. दादाने सगळं कधीच संपवलंय. तो म्हणतो, "ऐकणं म्हणजे वाचणं नाही, तेरा भाग वाचून शेवटचा वाया घालवतेयस." स्पीड दीडपट करून एकदाचं उरकू? का पुस्तकाकडे परत जाऊ? आणि खरं सांगायचं तर एक मन म्हणतं संपूच नये. काय करू?
— कानात अडकलेली

उत्तर:

अगं कानात अडकलेली,

हसले नाही. म्हणजे "त्यातले दोन झोपेत" या वाक्याला थोडीशी हसले, पण ते ओळखीचं हसू होतं, कारण मी स्वतः एका मालिकेचा शेवटचा भाग असाच रात्री कानात घालून ऐकत होते आणि मधेच डोळा लागला, जाग आली तेव्हा कोणाचे तरी अंत्यसंस्कार चालले होते आणि सगळे रडत होते. कोण गेलं तेच कळेना. पाच मिनिटं अंधारात पडल्या पडल्या अंदाज बांधत होते की हा तर नसेल, ती तर नसेल, आणि ज्याचा अंदाज बांधायची हिंमत होत नव्हती नेमका तोच गेलेला होता. ज्या पात्राबरोबर मी इतकी वर्षं चालले त्याच्या शेवटच्या क्षणी मी घोरत होते. तेव्हा तुझ्या दोन तासांबद्दल मी तरी तुला काही बोलणार नाही.

आधी स्पीडचं बोलू कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होणार आहे. उत्तर नाही. दीडपट नको. का ते सांगते, आणि माझ्या मते या पुस्तकासाठी ऑडिओ घेण्याचं सगळ्यात मोठं कारणही तेच आहे.

कागदावरचा शेवटचा भाग आपण कसा वाचतो ते आठव. खरं खरं आठव हं. उजव्या हाताचं पान उलटलं की डोळे पहिल्या ओळीवर जात नाहीत, ते पानभर भिरभिरतात, कुठे नाव दिसतंय का, नाव दिसलं म्हणजे जिवंत आहे, नाव दिसलं नाही की पोटात गोळा, मग वर्णनाचा परिच्छेद अर्धा सोडून थेट अवतरणचिन्हांवर उडी, म्हणजे कोण काय बोललं तेवढं कळलं की पुढे. तेराव्या भागाच्या शेवटाला तू हे केलंयस, शपथेवर सांगते. मीही केलंय. शेवटच्या भागात तर आपण वाचत नाहीच, आपण धावतो. आणि तीन दिवसांत धाप लागून संपवलं की मग महिनाभर वाटत राहतं की काहीतरी निसटलं. निसटलेलंच असतं, कारण आपण ते वाचलेलंच नसतं.

कानाला ही सोय नाही. कान पुढचं पान बघू शकत नाही. वाचणारा ज्या चालीने जाईल त्या चालीने तुला जावं लागतं, त्याने श्वास घेतला की तुला थांबावं लागतं, लढाईच्या आदल्या रात्री दोन म्हातारे सरदार उगाच काहीतरी बोलत बसले असतील तर तुला तिथे बसून ते ऐकावं लागतं. आणि चौदाव्या भागात अशाच जागा खऱ्या मोलाच्या असतात गं! कोण जिंकणार हे आपल्याला तसं पहिल्या भागापासून अंदाजाने माहीत असतं. निरोप कसे घेतले जातात ते मात्र माहीत नसतं.

आता थोडा हिशोब. मार्क ब्रिसबर्ट नावाच्या संशोधकाने २०१९ मध्ये वाचनवेगावरचे ढीगभर अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात इंग्रजी कथा-कादंबरी मनात वाचायचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला साधारण २६० शब्द निघाला. तुझं पुस्तक आहे साडेतीन लाख शब्दांचं. म्हणजे कागदावर तेवीस-एक तास आणि कानाने बेचाळीस. जवळपास दुप्पट वेळ. तुला वाटतंय हा तोटा आहे, मला वाटतं हाच फायदा आहे, ज्या लोकांबरोबर तेरा भाग काढले त्यांच्याबरोबर एकोणीस तास जास्तीचे. दीडपट केलंस तर अठ्ठावीस तास होतील आणि तू परत धावायला लागशील, फक्त या वेळी कानांनी. मी एकदा पावणेदोनपटीने एक शेवट उरकलाय, तोही कुठल्यातरी वेटिंग रूममध्ये नंबर लागायची वाट बघत, शेवटची चार मिनिटं राहिली होती आणि माझा नंबर पुकारला. त्या पुस्तकाचा शेवट आजही मला चिपमंकच्या आवाजात आठवतो. नको.

अगदीच वाटलं तर १.१ कर, एखादा नॅरेटर खरोखर संथ असतो, त्याला तेवढं चालतं. त्याच्या पुढे या पुस्तकापुरतं तरी जाऊ नकोस. बाकी पुस्तकं काय वाट्टेल त्या स्पीडने ऐक, मी विचारायला येणार नाही.

आता मन भरकटण्याचं. ही तुझी एकटीची अडचण नाहीये आणि तू काही निर्बुद्ध वगैरे झालेली नाहीस. २०१३ सालच्या एका प्रयोगात लोकांना काही मजकूर मनात वाचायला दिला, काही मोठ्याने वाचायला आणि काही नुसता ऐकायला, तर सगळ्यात जास्त मनं भरकटली ती ऐकताना. सरळ आहे, वाचताना डोळे तरी कामात असतात, ऐकताना अख्खं शरीर बेकार बसलेलं असतं आणि बेकार शरीर मनाला कामाला लावतं, उद्याचा डबा, परवाची मीटिंग, बाळाची लस. म्हणून उपाय शरीरालाच दे. हाताला असं काम दे ज्यात डोकं लागत नाही. कपड्यांच्या घड्या, भांडी, कपाट आवरणं, चालायला जाणं. ज्यात शब्द आहेत असं कुठलंही काम नको, म्हणजे मेसेज बघत बघत ऐकणं हे ऐकणंच नाही, त्यात दोन्ही जातं. आणि गादीवर आडवं पडून तर अजिबात नको, किमान नवीन भाग तरी नको. झोपताना काही हवंच असेल तर ऐकून झालेला भाग परत लाव, तो अर्धवट झोपेत ऐकायला फार छान वाटतो आणि काही निसटलं तरी बिघडत नाही.

(तू दोन तास झोपलीस कारण तू दमलेली आहेस. लहान बाळ आहे, नोकरी आहे. "संपू नये म्हणून माझं मन मला झोपवतंय" असलं काही खोल शोधत बसू नकोस, पत्राच्या शेवटच्या ओळीत तसा सूर लागला म्हणून आधीच सांगितलं.)

स्लीप टायमर, म्हणजे ठरल्या वेळी ऐकणं आपोआप बंद करणारी सोय, माहीत असेलच. त्यात "चॅप्टर संपेपर्यंत" असा पर्याय असतो, एरवी उत्तम, पण या पुस्तकात एक सापळा आहे. यात 'द लास्ट बॅटल' नावाचं सदतिसावं प्रकरण आहे, ते एकटंच जवळपास दोनशे पानांचं आहे. हे सांगितल्याने काही फुटत नाही, चौदा भाग ज्या लढाईची वाट बघतायत ती होणार हे मांजरालाही माहितीये. पण दोनशे पानं म्हणजे ऐकायला आठ-नऊ तास! त्या रात्री "चॅप्टर संपेपर्यंत" लावून झोपलीस तर सकाळी गजर होईपर्यंत तलवारी चालू असतील. वीस मिनिटांचा टायमर लाव आणि लावताना एक बुकमार्क टाक, म्हणजे सकाळी शोधाशोध नाही.

याच प्रकरणात तू सगळ्यात जास्त हरवणार आहेस, तेव्हा आधीच तयारी सांगते. इथे एका माणसाच्या डोळ्यांतून दुसऱ्याच्या डोळ्यांत भराभर उड्या आहेत, कधी दोन पानांवर, कधी एका परिच्छेदावर. कागदावर मधली मोकळी ओळ दिसते, कानाला फक्त एक छोटा पॉझ मिळतो आणि तेवढ्यात तू बादली उचलत असलीस की गेला. पण तुझ्याकडे एक खूण आहे जी दादाकडे नव्हती. वाचणारे दोघं आहेत, मायकल क्रेमर आणि केट रीडिंग, आणि प्रसंग पुरुषाच्या नजरेतून असेल तर क्रेमर वाचतो, बाईच्या नजरेतून असेल तर रीडिंग. म्हणजे आवाज बदलला की डोळे बदलले. पॉझनंतर जे पहिलं नाव येतं ना, ते हलक्या आवाजात स्वतः एकदा म्हण. नुसतं ओठ हलवून. वेड्यासारखं वाटतं पण काम करतं, मी भांडी घासताना करते, आता घरच्यांनी विचारणंही सोडून दिलंय.

एक गोची यात आहे ती पण सांगून ठेवते. एकच बाई क्रेमरच्या भागात आली तर तिचे संवाद तो बोलणार आणि तिच्या स्वतःच्या भागात रीडिंग बोलणार, म्हणजे एका पात्राला दोन आवाज. सुरुवातीला खटकतं. मग एक दिवस लक्षात येतं की हे तर बरोबरच आहे, एका माणसाला ती बाई जशी ऐकू येते आणि ती स्वतःला जशी ऐकू येते त्यात फरक असणारच की. हे दोघं खऱ्या आयुष्यात नवरा-बायको आहेत हे कळल्यापासून तर मला फारच मजा येते, या मालिकेत बायका आणि पुरुष चौदा भाग एकमेकांना "हे लोक असं का वागतात" म्हणून कपाळाला हात लावत असतात आणि वाचणारं जोडपं एका घरात राहतं.

आणि उच्चार. मला खात्री आहे की तुझ्या हरवण्यातला निम्मा वाटा उच्चारांचा आहे. तेरा भाग तू नावं डोळ्यांनी वाचलीस आणि मनात त्यांना आपापले उच्चार देऊन टाकलेस, आता तीच माणसं समोर आली तर ओळखू येत नाहीत. तू जिला मनात सिउआन म्हणत असशील ती निघते स्वान. जिला नायनेव्ह म्हणत असशील ती नाइनीव्ह. स्वान सांचे आली आणि काहीतरी महत्त्वाचं बोलून गेली आणि तू विचार करतेयस ही कोण नवीन! यात तुझा दोष नाही, ऑडिओ मालिकेतसुद्धा काही नावांचे उच्चार भागाभागात बदललेत, त्यावरून वाचक अजून कुरकुरतात. उपाय साधा आहे. दादाकडून सुरुवातीचे एक-दोन भाग मागून घे, मागे ग्लॉसरी म्हणजे नावांची आणि शब्दांची यादी आहे, त्यात नावांसमोर उच्चार दिलेत, तेवढी पानं फोनवर फोटो काढून ठेव. पहिल्यांदा कानाला नाव अनोळखी लागलं की फोटो बघ. आठवडाभरात कान तयार होतील.

ग्लॉसरीच बघ, नेटवर नाव टाकून शोधू नकोस! हे ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. शोधायच्या डब्यात नाव टाकलं की पूर्ण टाइप व्हायच्या आत खाली सुचवतात, अमुक तमुकचा मृत्यू. झालं, चौदा भागांची मेहनत एका ड्रॉपडाउनमध्ये गेली. या मालिकेत अडीच हजारांच्या वर नावं असलेली पात्रं आहेत, सगळी कोणालाच लक्षात राहत नाहीत. एखादा सरदार आठवत नसेल तर नसू दे, तो महत्त्वाचा असेल तर परत येईल आणि नसेल तर त्याच्या वाट्याला जे यायचं ते येईल.

मागचे तेरा भाग परत ऐकू का असं तू विचारलेलं नाहीस, पण कोणीतरी तुला हा सल्ला देणारच आहे म्हणून सांगते, नको. अख्खी मालिका कानाने चारशे तासांच्या वर जाते, तू त्या वाटेला गेलीस तर बाळ कॉलेजात जाईल. तेराव्याची शेवटची चार-पाच प्रकरणं फक्त बघ, ऐकून किंवा वाचून. तेवढं पुरे. आणि ते झोपेतले दोन तास परत ऐक, तिथे चालढकल नको, शेवटच्या भागाच्या सुरुवातीलाच सगळ्या सोंगट्या पटावर मांडल्या जातात.

आता दादा.

दादाला अभ्यासांनीही उत्तर देता येईल. २०१६ मध्ये बेथ रोगॉव्स्की आणि तिच्या सहकाऱ्यांनी एकाच पुस्तकाचा भाग काहींना वाचायला, काहींना ऐकायला आणि काहींना दोन्ही एकदम करायला दिला, लगेच परीक्षा घेतली आणि दोन आठवड्यांनी परत घेतली, समजण्यात म्हणावा असा फरक सापडला नाही. आता ते पुस्तक सत्यकथेचं होतं, अडीच हजार पात्रांचं नव्हतं, आणि वर मीच तुला ऐकताना मन जास्त भरकटतं म्हणून सांगितलंय, तेव्हा दादा हुशार असेल तर इथे तुला पकडेल. पकडू दे. अभ्यास बाजूला ठेव, मी तुला त्याहून चांगली गोष्ट देते.

या मालिकेचा लेखक रॉबर्ट जॉर्डन. पहिला भाग १९९० चा. अकरा भाग झाल्यावर तो आजारी पडला आणि शेवटचं पुस्तक अर्धवट ठेवून १६ सप्टेंबर २००७ ला गेला. जाण्याआधी त्याने काय केलं माहितीये? हातून लिहून होणार नाही हे कळल्यावर त्याने उरलेली गोष्ट घरच्यांना बसून तोंडी सांगितली. काही भाग बोलून रेकॉर्ड करून ठेवला. त्याची बायको हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादक, तिने मग ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं आणि त्याच्या हातात ते सगळं दिलं, टिपणं, लिहून झालेले प्रसंग आणि ते बोललेलंही. एक पुस्तक व्हायचं होतं त्याची तीन झाली, २००९, २०१० आणि शेवटचं जानेवारी २०१३ मध्ये.

म्हणजे बघ, तुझ्या दादाला जो शेवट कागदावरच वाचायला हवा असं वाटतं, तो कागदावर पूर्ण उतरायच्या कितीतरी आधी एका आजारी माणसाच्या तोंडून बाहेर पडला होता आणि त्याच्या माणसांनी तो कानांनी ऐकला होता. मालिकेतसुद्धा गावोगाव फिरून गोष्टी सांगणारा ग्लीमन आहेच, तुझ्या लाडक्यांपैकी असेल कदाचित. हे दादाला सांग. फोनवर सांगू नकोस, समोर बसून सांग, चेहरा बघण्यासारखा होईल.

आणि एवढं झाल्यावर त्याला कामालाही लाव. माझं मत विचारशील तर दादाची कुरकुर ऑडिओबद्दल नाहीचये. पुस्तक त्याच्या कपाटातलं, पळवलंस तू, तेरा भाग दोघांनी एकाच प्रतीवर वाचले असतील, कुठल्यातरी पानाला त्याने घातलेली घडी तुला सापडली असेल, आणि आता शेवटच्या भागात तू फोनमध्ये शिरलीस, त्याची प्रत तशीच कपाटात राहिली. त्याला वाईट वाटलंय. पुरुषांना असं वाईट वाटलं की ते "हे वाचन नव्हेच" असं सिद्धांताच्या भाषेत बोलतात. मग त्याला तुझी चालती-बोलती ग्लॉसरी कर. भांडी घासता घासता व्हॉइस मेसेज टाक, "अरे हा कोण होता, हा पाचव्या भागात मेला नव्हता का?" तो आठवड्यात लायनीवर येतो की नाही बघ. एकच अट घाल, "पुढे काय होतं" यावर चकार शब्द काढायचा नाही, हं नाही की हूं नाही, काही लोकांचं हूंसुद्धा स्पॉइलर असतं.

कागदाकडे परत जाऊ का हाही तुझा प्रश्न होता. पूर्ण नको, डोळे मिटतायत ते मिटतायतच. पण ती प्रत जवळ ठेव. एखादा प्रसंग ऐकताना हात थांबले तर त्या रात्री तेवढी दोन पानं उघडून वाच. हात थांबणं म्हणजे काय ते तुला कळेल. मला आठवतंय, या मालिकेच्या प्रत्येक भागाचं पहिलं प्रकरण वाऱ्याने सुरू होतं, कुठल्यातरी डोंगरावर वारा उठतो आणि वाहत वाहत गोष्टीत शिरतो, चौदाही भागांत जवळपास तेच शब्द. कागदावर मी तो परिच्छेद दरवेळी, "हां हां, वारा, माहितीये" म्हणून ओलांडून गेले. शेवटच्या भागाला मी चादरीची घडी घालत होते, दोन टोकं हातात, तिसरं हनुवटीखाली धरलेलं, आणि क्रेमरने तो वारा सुरू केला. ओळखीचं ध्रुवपद परत आल्यासारखं. या वेळी तो वारा ज्या प्रदेशातून जातो तिथे काय काय उरलं नाहीये ते एकेक ऐकू यायला लागलं, घरं आहेत पण धूर नाही, शेतं आहेत पण पीक नाही, आणि तो एकाच शांत आवाजात सांगत राहिला. हनुवटीखालची चादर कधी सुटली कळलं नाही. चौदा वेळा लिहिलेला तो परिच्छेद माझ्यापर्यंत पोचायला कोणीतरी तो माझ्या कानात म्हणावा लागला. तू ते ऐकून पुढे गेलीयस, सहा तास झालेत म्हणजे नक्की गेलीयस, पण ते झोपेच्या दोन तासांत आलं असेल तर मात्र माझा जीव तुटेल. परत ऐक.

राहिलं "संपूच नये". तुझे अजून छत्तीस तास आहेत, अधिक झोपेतले दोन, अडतीस. रोज चाळीस मिनिटं धरलीस तर जवळपास दोन महिने. बाळ आजारी पडेल, पाहुणे येतील, तीन महिने धर. हे काही लगेच संपत नाहीये बाई. घाबरायचं असेल तर अडीच महिन्यांनी घाबर. तोवर ठरलेल्या वेळी ठरलेल्या कामाबरोबर ऐकत राहा आणि एखाद्या दिवशी नाही झालं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट ऐकून भरपाई करत बसू नकोस, हा काही हप्ता नाही. सदतिसाव्या प्रकरणाला मात्र थोडी सूट देते, ते आठ-नऊ तास चाळीस-चाळीस मिनिटांत तोडलं तर लढाई फार तुटक होते, जमलं तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरच्यांना बाळ दे आणि तीन तास सलग चालायला जा. घाम गाळून ऐकलेली लढाई वेगळीच लागते.

एपिलॉगची, म्हणजे अगदी शेवटच्या उपसंहाराची गोष्ट वेगळी. ते सुरू होतंय असं ऐकलंस की पॉज कर. अगदी शेवटचा प्रसंग जॉर्डनने स्वतः लिहून ठेवला होता, बाकीची तीन पुस्तकं सँडरसन त्या प्रसंगाच्या दिशेने चालत आला. तो भांड्यांबरोबर ऐकायचा नाही, गाडी चालवताना नाही, वेटिंग रूममध्ये तर नाहीच नाही. संध्याकाळ ठरव. दादाच्या घरी जा, त्याला म्हण तुझी प्रत काढ. इअरफोन काढून स्पीकरवर लाव, तो पान उघडून बसेल, तू डोळे मिटून बस, डोळे तसेही दमलेलेच आहेत. मधे तो काही बोलायला लागला तर चिमटा काढ.

आणि त्याआधी स्लीप टायमर बंद केलायस ना ते बघ. नाहीतर शेवटच्या वाक्याला आवाज हळूहळू बारीक होत जाईल आणि दादा आयुष्यभर ऐकवेल.

— ताई